जुनी सेडान घेतोय, काय काय तपासू? (पुणे, बजेट सहा लाख)

सातबारा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून पहिला धागा काढतोय. घरात आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि आई-बाबा. आतापर्यंत जुन्या अल्टोवर भागलं, पण गणपतीला गावी निघालो की बाबांचे गुडघे आणि फराळाचे डबे यांच्यात जागेवरून भांडण होतं. घराचा हप्ता चालू आहे, त्यामुळे नवी गाडी नाही. वापरलेली सेडान बघतोय. पेट्रोल, मॅन्युअल, सगळा खर्च धरून सहा लाखांच्या आत.

दोन गाड्या नजरेत आहेत.

पहिली 2016 ची होंडा सिटी, एमएच-12, एका डीलरच्या यार्डात उभी आहे. मीटरवर 42 हजार, सेकंड ओनर, 5 लाख 85 सांगतोय. इतकी चकाचक की बायको फाटकातूनच म्हणाली, हीच.

दुसरी 2017 ची मारुती सियाझ, एमएच-10, सांगलीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांची. बाबांच्या ओळखीतून कळली. 88 हजार किलोमीटर, सिंगल ओनर, उजव्या दारावर लांब ओरखडा, मागचा बंपर चेपलेला. 5 लाख 10 म्हणतात.

माझा कल अर्थात सिटीकडे. किलोमीटर निम्म्याहून कमी आहेत. मला गाडीतलं पेट्रोल भरणे आणि हवा मारणे यापलीकडे काही कळत नाही, तेव्हा प्राथमिक शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगा.

पाचवा गिअर
सांगली? 2019 चा महापूर विसरलात का? ऑगस्टमध्ये अर्धं शहर पाण्यात होतं आणि 2021 च्या जुलैत परत. त्या गाड्या धुऊनपुसून कुठे कुठे विकल्या गेल्या देव जाणे. एमएच-09 आणि एमएच-10 दिसली की मी पुढे बघतच नाही. सिटी घ्या, मोकळे व्हा.

मिरजेचा
पाचवा गिअर, अर्धं शहर पाण्यात होतं म्हणजे अर्धं कोरडंही होतं की. गावभाग, शामरावनगर बुडालं. आम्ही विश्रामबागेत होतो, आमच्याकडे उलट तीन कुटुंबं राहायला आली होती. प्राध्यापक कुठे राहतात ते आधी विचारा, मग नंबरप्लेटवरून जात काढा.

आणि पुणेकरांनो, तुमची 25 सप्टेंबर 2019 ची रात्र आठवते का? आंबिल ओढ्याने सहकारनगर, अरण्येश्वर भागात गाड्या एकमेकींवर रचून ठेवल्या होत्या. त्या सगळ्या एमएच-12 च होत्या.

पाचवा गिअर
मुद्दा मान्य. पण 88 हजार म्हणजे जरा जास्तच हो.

गॅरेजकाकी
88 हजार जास्त नाहीत. पेट्रोल इंजिनात तेल वेळेवर बदललं असेल तर 88 हजार म्हणजे गाडी नुकती चाळिशीत आली. आमचं नाशिकला गॅरेज आहे, वडिलांपासूनचं, मी हिशेब बघायला बसले आणि हळूहळू हाताला तेल लागलं. त्या अनुभवावर सांगते. आठ-नऊ वर्षांच्या गाडीच्या मीटरवर 42 हजार दिसले तर मला आनंद होत नाही, मला प्रश्न पडतो. वर्षाला जेमतेम पाच हजार. असं होऊ शकतं, आजोबांची गाडी असते, फक्त देवळात जाते. पण मग बाकीच्या वस्तूंनीही तेच सांगायला हवं.

सातबारा, यार्डात परत जा आणि ड्रायव्हरच्या बाजूला बसून या वस्तू बघ. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय का. की एकदम नवं कोरं बसवलंय, हेही तितकंच वाईट. स्टेअरिंगवर हात जिथे ठेवतो तिथलं कातडं चमकतंय का. सीटची दाराकडची कड, जिच्यावरून घसरत आपण उतरतो, ती बसलीय का. 42 हजारांत यातलं काहीही फारसं होत नाही.

मग टायर. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. 1822 म्हणजे 2022 सालचा अठरावा आठवडा. गाडी 2016 ची आणि चारही टायर 2022 चे, म्हणजे पहिला सेट संपला. एक सेट साधारण 40-50 हजार जातो. आता दुसरा सेट किती झिजलाय ते बघ आणि बेरीज कर. स्टेपनीचाही आकडा बघ. ती बहुतेक वेळा कारखान्यातून आलेलीच असते.

मीटर मागे घेणं आज कुणालाही जमतं, लॅपटॉप लावून दहा मिनिटांचं काम. टायर मागे घेता येत नाहीत.

सातबारा
काकी, दंडवत. शनिवारी परत जातो. पूर आणि अपघात कसा ओळखायचा तेही सांगाल का? एकदाच सगळं बघून येतो.

गॅरेजकाकी
आधी पाणी. सीटबेल्ट नेहमी खांद्यापर्यंतच ओढतात, तू पूर्ण ओढ, थेट शेवटपर्यंत. धुणाऱ्यांनी गालिचा धुतलेला असतो, सीट्स धुतलेल्या असतात, पण खांबाच्या आत गुंडाळून बसलेला पट्टा कुणी धूत नाही. त्यावर आडवी रेघ किंवा गाळाचा रंग दिसला की तिथून नमस्कार करून निघ. मग सीट पूर्ण मागे घेऊन रुळांचे बोल्ट बघ. सात-आठ वर्षांत तिथे धूळ जमते, गंज नाही. दाराच्या उंबऱ्याचं प्लास्टिक उचलून गालिच्याखाली हात घाल. खालचा नमदा एकदा भिजला की वर्षानुवर्षं कुबट राहतो. एसी आतल्या हवेवर ठेवून पाच मिनिटं काचा बंद. अत्तराची बाटली लटकत असेल तर आधी ती काढून बाहेर ठेव. फार सुगंधी गाडी मला आवडत नाही.

डिकीचा गालिचा काढ, स्टेपनी उचल, खालच्या खड्ड्यात बघ. पाणी ओसरलं तरी तिथे तळ राहतो. मागून ठोकलेली गाडीही तिथेच सापडते. पत्र्याची सुरकुती, नंतर फासलेलं सीलंट, दोन रंगांच्या छटा.

आता ठोकलेली गाडी. बोनेट उघड. फेंडर आणि बोनेटचे बोल्ट कारखान्यात बॉडीबरोबरच रंगवलेले असतात. त्यांच्या कोपऱ्यांवर पान्याचे ओरखडे दिसले, रंग उडालेला दिसला, तर ते कधीतरी उघडलेत. नुसता फेंडर बदलला असेल तर ठीक आहे, पुण्यात कुणाचा बदललेला नसतो? खरी भीती आतली. रेडिएटर ज्यावर बसतो ती आडवी पट्टी, दोन्ही बाजूंचे अॅप्रन म्हणजे चाकांवरचा आतला पत्रा, आणि खालचे लेग म्हणजे इंजिनाखालच्या जाड दांड्या. तिथे वेल्डिंग केलेलं किंवा पत्रा ओढून सरळ केलेला दिसला तर ती गाडी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नकोस. मग दाराचं रबर हाताने थोडं ओढून काढ. कड्यावर गोल खळगे सारख्या अंतरावर दिसतात, ते कारखान्याचे स्पॉट वेल्ड. खळगे गायब असतील किंवा वेडेवाकडे असतील तर दाराची चौकट कापून जोडलेली आहे.

काचांवरचे शिक्केही बघ. पाच काचांवर एक वर्ष आणि सहावीवर दुसरं, तर सहावी का फुटली ते विचार. दगड लागला असेलही. उत्तर देताना माणूस कसा बघतो ते बघ.

हळदीचं दूध
वाचनखूण साठवली. काकी, तुमच्या एका प्रतिसादात आमच्या साहेबांचा गाडी घेण्याचा पूर्ण उत्साह मावळला.

पणजीकार
मीठ राहिलं. गोव्यात किंवा किनाऱ्यावर उघड्यावर राहिलेली गाडी असेल तर वरचा रंग छान आणि खालचा पत्रा जाळीदार, असं हमखास होतं. मागच्या चाकाच्या कमानीच्या आतली कड बोटाने चाचपा, बोटाला खवले लागले तर समजा. एमएच-12 ची गाडी रत्नागिरीत नांदलेली असू शकते, नंबर काही सांगत नाही.

डॉक्टर पाना
थोडं इंजिनाबद्दल. यार्डवाल्याला आधी सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका, मी आल्यावरच सुरू करायची. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्याने काहीतरी लपवण्यासाठी आधी तापवलीय, पुरती गार झाल्यावर परत या. थंड गाडी एका झटक्यात लागली पाहिजे. सुरुवातीची पांढरी वाफ थंडीत चालते. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल पितंय. तेलाचं झाकण उघडून आतून बघा, दुधावरच्या सायीसारखा थर असेल तर तेलात पाणी जातंय, बहुधा इंजिनातलं हेड गास्केट गेलंय. रेडिएटरचं झाकण मात्र थंड असतानाच उघडा, नाहीतर धागा वेगळ्या कारणासाठी वर येईल.

क्लचची चाचणी: तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगाने जाताना एकदम अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी तिथल्या तिथेच, तर क्लच प्लेट संपली. मग एसी, गाणी, बायको सगळं बंद करून स्पीडब्रेकरवरून न्या. पुढून खटखट आली तर सस्पेन्शनचा लिंक रॉड, बुश किंवा लोअर आर्म. हे स्वस्तातले आहेत, घाबरू नका, भाव पाडायला वापरा. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा. कट-कट-कट असा ठेका आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. साठ-सत्तरच्या वेगात घुंगं असा आवाज आणि वळणावर तो बदलतो, तर व्हील बेअरिंग. ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या.

बायको
(डॉक्टर पानांची नव्हे.) "बायको बंद करून" हे वाक्य संपादित करावं ही विनंती.

डॉक्टर पाना
माफी. आमची बंद होत नाही, त्यामुळे आम्हाला खटखट कधी ऐकूच आली नाही.

पाचवा गिअर
या निमित्ताने विचारतो, बजेट थोडं वाढवलं तर ऑटोमॅटिक बघावी का? बऱ्याच व्हेंटो, रॅपिड दिसतात.

डॉक्टर पाना
चालवायला सुंदर गाड्या. पण त्यातल्या डीएसजी नावाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये कोरडे दुहेरी क्लच आहेत आणि आपल्या ट्रॅफिकमध्ये ते तापतात. मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू, गेलं तर बिल लाखाच्या घरात जातं. जुनी घेताना वॉरंटी शिल्लक असेल तरच. सिटीचा सीव्हीटी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्या मानाने गरीब गाय, फक्त त्याचं तेल वेळेवर बदलल्याचा कागद हवा. डिझेल घेणार असाल तर टायमिंग चेन आहे की बेल्ट ते बघा. सनी डिझेलला बेल्ट आहे, तो बदलल्याचं बिल नसेल तर बदलायचा खर्च धरूनच भाव करा, कारण तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात. सातबारांच्या दोन्ही गाड्यांना चेन आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला. सीएनजी लावलेली असेल तर आरसीवर नोंद आणि दर तीन वर्षांची सिलिंडरची चाचणी, दोन्ही बघा.

प्रीमियमवाला
मी विम्यात आहे. तुम्ही लोक बोनेटखाली शिरलात, कागद कुणी बघतच नाही. चालू पॉलिसीची प्रत मागा. त्यात एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस लिहिलेला असतो. पायऱ्या ठरलेल्या आहेत: 20, 25, 35, 45 आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर 50 टक्के. एकाच मालकाकडे सलग असलेली सात-आठ वर्षांची गाडी आणि बोनस शून्य किंवा 20, तर गेल्या एक-दोन वर्षांत बहुधा क्लेम झालाय. कसला, ते विचारा. पण उलटं खरं नाही, बरं का. 50 टक्के दिसला म्हणून गाडी कधी ठोकलीच नाही असं नाही. जुना क्लेम पुसला जातो, शिवाय बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. आधीच्या गाडीवरचा या गाडीवर आणता येतो. म्हणूनच तो तुम्हाला मिळणारही नाही, तो मूळ मालकाकडेच राहील.

गाडी नावावर झाल्यावर 14 दिवसांत विमा कंपनीला कळवा. थर्ड पार्टीचा भाग कायद्याने तुमच्याकडे सरकतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा सरकत नाही. दरम्यान ठोकली तर खिशातून.

आरटीओचं: गाडी नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, आणि आरसीवरचा एचपी म्हणजे गाडी तारण असल्याचा शिक्का खरोखर उतरलाय का ते वाहन पोर्टलवर बघा. बाहेरच्या राज्यातली असेल तर फॉर्म 28 म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, नवा नंबर आणि इथला रोड टॅक्स. दिल्लीत डिझेलला दहा वर्षांची मर्यादा आली तेव्हापासून तिकडच्या स्वस्त गाड्यांच्या जाहिराती खूप दिसतात, हा हिशेब करूनच भुला. सांगलीची गाडी राज्यातलीच आहे, नंबर एमएच-10 च राहील. ई-चलनं थकलेली आहेत का बघा. दोन्ही गाड्या एप्रिल 2019 च्या आधीच्या, म्हणजे नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लागलीय का तेही.

आणि विकणाऱ्यांसाठी एक. "सही करून दिली, आता तो बघेल" असं करू नका. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय की नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्याच माथी. प्राध्यापकांना हे दाखवा, तेच तुमच्यामागे लागून ट्रान्सफर करून घेतील.

बे एरियातला बंड्या
आमच्याकडे अमेरिकेत चॅसिस नंबर टाकला की गाडीचा सगळा इतिहास पैसे देऊन मिळतो.

मिरजेचा
आमच्याकडे चहा पाजला की मिळतो.

ओबीडीवाला
ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर हजाराच्या आत येतो. स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा. चूक दाखवणारे कोड नाहीत म्हणजे सगळं आलबेल असं नाही, कारण विकण्याआधी ते पुसतात. पण पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर जातात आणि अॅपमध्ये "अपूर्ण" दिसतात. काल पुसले असतील तर आज कळतं. स्कॅनर नसेल तर निदान चावी फिरवून डॅशबोर्ड बघा: एअरबॅग, एबीएस, इंजिनाचे दिवे आधी लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही तर बहुधा कुणीतरी तो मुद्दाम बंद करून ठेवलाय.

रिकॉलचंही बघा, कंपनीच्या साइटवर चॅसिस नंबर टाकून फुकट कळतं. होंडाने 2017 ते 2020 दरम्यानच्या बऱ्याच गाड्या फ्युएल पंपासाठी बोलावल्या होत्या, त्याआधीच्या पिढीतल्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगसाठी. 2016 ची त्यात यायची नाही, पण बघायला काय जातंय.

सातबारा
यार्डातून आलो. जरा दम घेऊन लिहितो.

बोनेट गरम होतं. "साहेब, तुमच्यासाठीच पुसायला बाहेर काढली." बरं. तासभर शेजारी चहा घेतला, परत गेलो. लागली मस्त, धूर नाही, झाकणाखाली साय नाही. फेंडरचे बोल्ट कोरे. मी मनात म्हटलं, काकी उगाच घाबरवतात.

टायर नवेच, यंदाचे. त्यामुळे बेरीज करायची सोय नाही. स्टेअरिंगवर नवं कव्हर, पेडलची रबरं नवी. मग सीटबेल्ट. ड्रायव्हरचा ओढला, स्वच्छ, करकरीत, बहुतेक बदललेला. शेजारचाही स्वच्छ. मुलगी मागे बसली होती, ती म्हणाली बाबा माझा पण ओढा. तिच्या समाधानासाठी ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ, चहाचा कप ठेवल्यावर टेबलावर उमटते तशी. रेघेच्या एका बाजूला पट्टा काळा, दुसऱ्या बाजूला मातकट. मी यार्डातल्या पोराला हाक मारली, तो म्हणाला, "आधीच्या मालकांना ट्रेकिंगची आवड होती."

मग डिकी. स्टेपनीच्या खड्ड्यात काहीच नाही, नवा रंग मारलेला. पण जॅक ज्या खाचेत अडकवतात तिथे बोट घातलं तर बारीक, मऊ माती, वाळून पिठासारखी झालेली. ट्रेकला जाताना जॅक घेऊन जात असतील.

शेवटचं म्हणजे ग्लव्ह बॉक्समधलं माहितीपुस्तक. त्याच्या प्लास्टिकच्या कव्हरात मागे बॅटरीचं वॉरंटी कार्ड राहून गेलेलं. बदलल्याची तारीख 2022 ची, आणि खाली पेनाने किलोमीटर: 71,300. आज मीटरवर 42 हजार. गाडी तीन वर्षं रिव्हर्समध्येच चालवली असणार.

कार्डाचा फोटो काढला, पुस्तक जागेवर ठेवलं, टोकन दिलेलं नव्हतं म्हणून देवाचे आभार मानले. बायको गाडीत बसून एकच वाक्य बोलली: "रंग मात्र छान होता."

मिरजेचा
आंबिल ओढा. मी काही बोललो नाही.

पाचवा गिअर
मी माझे शब्द गिळतो. सांगलीला जाताय ना?

गॅरेजकाकी
शाबास. कार्ड सापडलं नसतं तरी मागचा पट्टा पुरेसा होता. पुढचे बदलतात, मागचे बदलायचा कंटाळा करतात. पोरीला आइस्क्रीम दे.

सांगलीला जाताना एक मिस्त्री बरोबर घे. ओळखीचा नसेल तर तिथल्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरला तपासणीसाठी लावा, हजार-दोन हजार घेतात, लिफ्टवर चढवून खालून बघतात. सेडान खालून बघितलीच पाहिजे. सियाझचा ग्राउंड क्लिअरन्स 170 मिलिमीटर, सिटीचा तर 165. पाच माणसं बसली की आपले स्पीडब्रेकर तळ घासूनच जातात. इंजिनाच्या तेलाची टाकी, एक्झॉस्टचा पाइप, खालचे लेग बघून घ्या.

सातबारा
काल सांगली झाली. बाबा आणि त्यांच्या ओळखीचे मिस्त्री बरोबर होते. सकाळी साडेसहाला पोचलो, बोनेट गार. गाडी पार्किंगमध्ये, तिच्यावर जुनी सोलापुरी चादर. प्राध्यापक विश्रामबागलाच राहतात, मिरजेचा यांना नमस्कार.

सरांनी आधी चहा दिला आणि मग एक जाड वही. पहिल्या दिवसापासून प्रत्येक पेट्रोल भरल्याची नोंद: तारीख, किलोमीटर, लिटर, एव्हरेज दोन दशांशांपर्यंत. मधे मधे लाल शाईत सर्व्हिस, टायर, वायपर. उजव्या दाराच्या ओरखड्याचीही नोंद आहे, "कोल्हापूर, बैलगाडी, चूक माझी". मिस्त्रींनी वही चाळली आणि म्हणाले, आता मी काय तपासू?

तरी तपासलं. सगळे पट्टे शेवटपर्यंत ओढले, मागचे मुलीने ओढले. रुळांवर धूळ, गंज नाही. दाराच्या रबराखाली खळगे सारख्या अंतरावर. बोल्ट कोरे, फक्त मागच्या बंपरचे उघडलेले, तेही वहीत होतं. स्टेपनी 2017 ची, रस्त्याला कधी लागलेलीच नाही.

आता दोष. क्लच सुटतोय, डॉक्टर पानांच्या चाचणीत लगेच कळलं. तिसऱ्या गिअरला आवाज नुसता वर गेला. टायर 2019 चे, नक्षी आहे पण कडांना भेगा. डाव्या पुढच्या चाकाकडून खटखट. एसी उभ्या गाडीत जरा कमी पडतो. मिस्त्रींनी क्लचचे बारा हजार, टायरचे बावीस, लिंक रॉड वगैरेचे तीन असा हिशेब मांडला. सर म्हणाले, "क्लचचं मला कळलं नव्हतं." त्यांच्या चेहऱ्यावर विद्यार्थ्याने गणितातली चूक दाखवल्यासारखं झालं. 4 लाख 70 वर ठरलं.

प्रीमियमवाला
पॉलिसी बघितली का?

सातबारा
हो. 50 टक्के बोनस. कर्ज नव्हतंच. ई-चलन एक, पाचशे रुपयांचं, त्यांनी माझ्यासमोर भरलं आणि वहीत लिहिलं. सुप्रीम कोर्टाचं सांगितल्यावर ते म्हणाले, मला माहीत आहे, म्हणूनच तुमच्याकडून दोन झेरॉक्स जास्त घेतोय. फॉर्म 29, 30 वर सह्या झाल्या. विक्रीची तारीख आणि वेळ मिनिटासकट लिहून दोघांनी एकेक प्रत ठेवली.

हळदीचं दूध
अभिनंदन! फोटो टाका. ओरखड्यासकट.

ओबीडीवाला
एसी कमी पडतोय म्हणालात, गॅस भरून गप्प बसू नका. आधी कंडेन्सरचा पंखा फिरतोय का बघा. पंखा ठीक असेल तर कूलिंग कॉइल गळतेय का ते तपासायला लावा. कॉइल बदलायला डॅशबोर्ड उघडावा लागतो, आणि डॅशबोर्ड एकदा उघडला की नंतर कुठून तरी आवाज येतोच.

सातबारा
पंखाच होता. रिले गेलेला, किरकोळात झालं. क्लच टाकला, टायर बदलले, लिंक रॉड बदलले. सगळं धरून पाच लाख बारा हजारांत बसलो. बायकोने ओरखडा ठेवायचा ठरवलाय, म्हणते नवीन रंगावर आता विश्वास नाही.

पण काकी, एक शंका. गावाला जाऊन आलो आणि आल्यापासून डावीकडे वळताना मागून टकटक येते. फक्त डावीकडे. सरळ रस्त्याला नाही, खड्ड्यात नाही. मागचा शॉकर असेल का? की बेअरिंग? मिस्त्री गावाला गेलेत.

गॅरेजकाकी
बेअरिंग टकटक करत नाही, गुणगुणतं. शॉकर असता तर खड्ड्यात आधी बोलला असता. डिकी रिकामी आहे का?

सातबारा
हो. म्हणजे, असावी.

सातबारा
आईचा चकलीचा स्टीलचा डबा. स्टेपनीच्या मागे घसरून पडला होता. त्यात अजून चार चकल्या होत्या.

मिरजेचा
वहीत नोंद करा.